मिसिंगचा दोष : आधी सिलिंडर शोधा, मग भाग बदला

गॅरेजच्या धंद्यात काही तक्रारी मिस्त्रीची परीक्षा पाहणाऱ्या असतात. क्लच घसरतो, ब्रेक लागत नाही, रेडिएटर गळतो, हे दोष डोळ्यांना दिसतात. पण ‘गाडी मिसिंग मारते’ ही तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले की पुष्कळ कारागिरांचा हात सवयीने प्लगच्या डब्याकडे जातो. प्लग बदलले, पॉईंट बदलला, गाडी दोन दिवस बरी वाटली आणि आठवड्याने पुन्हा दारात उभी राहिली, असा प्रसंग आपल्यापैकी कोणाला आला नसेल असे वाटत नाही. गिऱ्हाईक पैसे मोजून थकतो, मिस्त्रीचे नाव खराब होते आणि दोष मात्र जागच्या जागी राहतो.

या लेखात अशा चिवट मिसिंगचा शोध क्रमाने कसा घ्यावा हे मांडण्याचा प्रयत्न आहे. यातील मुख्य उदाहरण माझ्याच गॅरेजमधले आहे आणि त्यात चूकही माझीच आहे. दुसऱ्याची चूक सांगण्यापेक्षा स्वतःची सांगितली तर ती अधिक उपयोगी पडेल, म्हणून ते येथे देत आहे.

एक पद्मिनी आणि तीन बिले

एक निवृत्त शिक्षक आपली प्रीमियर पद्मिनी अनेक वर्षे आमच्याकडे आणत असत. ही गाडी आता रस्त्यावर फारशी दिसत नाही. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. तरी हौसेने सांभाळलेल्या पद्मिनी अजून आहेत आणि चार सिलिंडर, कार्बोरेटर आणि पॉईंट असलेले तिचे १०८९ सीसीचे इंजिन शिकण्यासाठी आजही उत्तम आहे.

मास्तरांची तक्रार अशी होती की गाडी स्लोवर धडधडते, एका ठेक्यात झटका देते आणि चढावर दम खाते. पहिल्या खेपेला मी प्लग, पॉईंट आणि कंडेन्सर बदलले. दुसऱ्या खेपेला हाय टेन्शन वायरचा संच आणि कॉईल बदलली. तिसऱ्या खेपेला कार्बोरेटर खोलून साफ केला आणि नवा किट घातला. तीन बिले मिळून चार हजार सातशे रुपये झाले. चौथ्यांदा आले तेव्हा मास्तर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “मिस्त्री, दर वेळी भाग नवा आणि दोष जुनाच. आता काय बदलणार?”

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तीन वेळा बोनेट उघडूनही कोणता सिलिंडर काम करत नाही हे मी एकदाही पाहिले नव्हते.

मिसिंग म्हणजे काय?

सिलिंडरमध्ये पेट्रोल जळण्यासाठी तीन गोष्टी लागतात. हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते मिश्रण घट्ट दाबले जाणे, म्हणजे कॉम्प्रेशन, आणि योग्य वेळी पडणारी जोरदार ठिणगी. यातील एक जरी गोष्ट कमी पडली तरी त्या सिलिंडरचा ठोका चुकतो. यालाच आपण मिसिंग म्हणतो. दोष कितीही विचित्र वाटला तरी तो या तिघांच्या बाहेर जात नाही, हे ध्यानात ठेवले की अर्धी घाबरगुंडी कमी होते.

दुसरी गोष्ट अशी की एकच सिलिंडर चुकत असेल तर त्या सिलिंडरच्या मालकीचे भाग तपासावेत : त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचे वॉल्व, त्याच्या रिंगा, त्याच्याजवळचे गॅस्केट. सगळेच सिलिंडर आळीपाळीने चुकत असतील तर सर्वांच्या सामाईक भागांकडे जावे : कॉईल, पॉईंट, कंडेन्सर, रोटर, कार्बोरेटर, पेट्रोल पंप. हा भेद पहिल्या दहा मिनिटांत करता येतो. मी तो केला नाही आणि सामाईक भाग बदलत बसलो.

आधी विचारा

बोनेट उघडण्यापूर्वी गिऱ्हाइकाला चार प्रश्न विचारावेत. दोष थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर? स्लोवर येतो की पळताना? चढावर, भाराखाली वाढतो का? पावसात किंवा सकाळच्या दवात वाढतो का?

स्लोवर धडधडून रेस दिल्यावर पुष्कळसा जाणारा दोष बहुधा मॅनिफोल्डमधून हवा ओढली जाण्याचा, स्लो जेट तुंबल्याचा किंवा एखादा वॉल्व नीट न बसण्याचा असतो. फक्त भाराखाली येणारा दोष कमजोर ठिणगीचा किंवा पेट्रोल कमी पोचण्याचा असतो. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त जोर लागतो. म्हणून स्लोवर ठीक वाटणारी कॉईल चढावर हरते. गाडी अर्धा तास चालल्यावर चुकू लागत असेल तर गरम झालेल्या कॉईलचा किंवा कंडेन्सरचा संशय घ्यावा. आणि कोकणात जुलै महिन्यात सकाळी गाडी चुकत असेल तर डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे आपल्या भाषेत डेल्कोची, कॅप काढून कोरड्या कापडाने आतून पुसावी. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

पहिली पायरी : कोणता सिलिंडर?

पॉईंट असलेल्या जुन्या गाडीत इंजिन स्लोवर चालू ठेवून प्लगची एकेक वायर काढून पाहण्याची रीत आहे. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिनचा आवाज पडतो. ज्याची वायर काढूनही काही फरक पडत नाही, तोच सिलिंडर मेलेला आहे. वायर रबरी मुठीच्या पकडीने धरावी आणि तिचे टोक लगेच अर्थला टेकवून ठेवावे. हात कोरडे असावेत, बाही पंख्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि इंजिन बंद खोलीत चालवू नये. सायलेन्सरमधला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

इंजेक्शनच्या गाडीत मात्र ही रीत वापरू नये. मोकळ्या वायरमुळे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे नुकसान होऊ शकते आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो. तेथे थोड्या वेळासाठी एकेका इंजेक्टरचे कनेक्टर काढून पाहावे. ज्या गाडीला ओबीडी स्कॅनर लागतो तिच्यात पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ म्हणजे दुसरा, असे क्रमाने समजावे. पी०३०० म्हणजे एकाहून अधिक सिलिंडर चुकत आहेत किंवा चूक कोणा एकाची नाही. पण स्कॅनर फक्त सिलिंडर दाखवतो, कारण दाखवत नाही. कोड पाहून लगेच कॉईल बदलणे हेही अंदाजच होय.

याच वेळी वायरी योग्य जागी आहेत का तेही पाहावे. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ असा आहे, तर तीन सिलिंडरच्या मारुती ८०० चा १-३-२. घाईत लावलेल्या दोन उलट्या वायरींनी दिवसभर फिरवलेले कारागीर मी पाहिले आहेत.

मास्तरांच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरची वायर काढली, इंजिनला काही फरक पडला नाही. दहा मिनिटांचे काम.

दुसरी पायरी : प्लग वाचा आणि अदलाबदल करा

चारही प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने फळीवर मांडावेत. टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. तेलकट काळा प्लग म्हणजे रिंगांतून किंवा वॉल्व गाईडमधून तेल येते आहे. पांढरा, फोड आल्यासारखा प्लग म्हणजे मिश्रण फार पातळ आहे किंवा प्लग फार तापतो आहे. पेट्रोलने ओला प्लग म्हणजे पेट्रोल येते आहे पण ते जळत नाही.

मग संशयित सिलिंडरचा प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावावा आणि गाडी चालू करावी. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. जागीच राहिला तर प्लग निर्दोष. वायरचेही लांबी पुरत असेल तर असेच करावे, नाही तर मल्टिमीटरने चारही वायरींचा रोध मोजून एकमेकींशी ताडून पाहावा. एखादी वायर बाकीच्यांपेक्षा फारच वेगळी असेल तर दोष सापडला. या परीक्षेला एक पैसाही लागत नाही आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ती करता येते.

तिसरी पायरी : कॉम्प्रेशन, आणि तेही लवकर

येथे बहुतेक जण चुकतात. कॉम्प्रेशन गेज कपाटात असते आणि सर्व काही बदलून झाल्यावर, शेवटी बाहेर निघते. वास्तविक प्लग पाहायला काढलेलेच असतात, तेव्हाच गेज लावला तर वीस मिनिटे पुरतात.

रीत अशी आहे. इंजिन गरम असावे आणि बॅटरी भरलेली. चारही प्लग काढावेत. कॉईलची जोडणी काढून ठेवावी, कारण प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि जवळ ठिणगी पडली तर आग लागू शकते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा. प्रत्येक सिलिंडरवर सेल्फचे सारखेच पाच-सहा ठोके द्यावेत आणि आकडा लिहून घ्यावा. आकडा किती मोठा आहे यापेक्षा चारही आकडे एकमेकांजवळ आहेत का हे महत्त्वाचे. सर्वांत वरच्या आकड्यापेक्षा एखादा दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर तेथे थांबावे.

मास्तरांच्या गाडीचे आकडे पौंडात असे आले : पहिला १३०, दुसरा १२५, तिसरा ७०, चौथा १३०.

आता पुढचा प्रश्न, दाब कोठून जातो? तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडले आणि पुन्हा मोजले. तेल रिंगांभोवती बसून तात्पुरते बूच करते, म्हणून आकडा बराच वाढला तर रिंगा झिजलेल्या समजाव्यात. वाढला नाही तर दाब वॉल्वमधून किंवा हेड गॅस्केटमधून जातो आहे. गॅस्केट दोन सिलिंडरच्या मध्ये फाटले असते तर शेजारच्या दोघांचे आकडे पडले असते. येथे एकाचाच पडला होता आणि तेल सोडूनही तो ७५ च्या वर गेला नाही. म्हणजे वॉल्व.

खात्रीसाठी जुनी परीक्षा केली. प्लग बसवून गाडी स्लोवर ठेवली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी कागद धरला. निरोगी इंजिन कागदाला एकसारखे ढकलते. येथे कागद ठरावीक ठोक्याला आत ओढला जात होता. जळालेल्या एक्झॉस्ट वॉल्वची ही खूण आहे.

दोष कोणाचा?

टॅपेट कव्हर उघडले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट वॉल्वच्या टॅपेटमध्ये फिलर गेजचे सर्वांत पातळ पानही जाईना. तेव्हा मला आठवले. आदल्या वर्षी मास्तरांनी टॅपेटचा टिक-टिक आवाज येतो अशी तक्रार केली होती. मी शागिर्दाला ‘जरा कसून घे’ म्हणून सांगितले. त्याने फिलर न लावता कानाने टॅपेट कसले. आवाज बंद झाला, गिऱ्हाईक खूष, आम्हीही खूष. हात शागिर्दाचा होता, पण हुकूम माझा होता.

टॅपेटमध्ये गॅप का ठेवतात हे प्रत्येक शागिर्दाला शिकवले पाहिजे. गरम झाल्यावर वॉल्वची दांडी लांबते. तिला लांबायला जागा नसेल तर वॉल्व सीटवर पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट वॉल्व आपली उष्णता मुख्यतः सीटला टेकूनच सोडतो. टेकला नाही तर तो तापत राहतो, त्याच्या फटीतून जळता वायू सुटतो आणि त्याची कड जळते. शिवाय वापरात सीट झिजते आणि वॉल्व वर सरकतो, त्यामुळे गॅप आपोआप कमी होत जातो. देशभरात २००० साली शिसे असलेले पेट्रोल बंद झाले, त्याआधीच्या ज्या इंजिनांत कठीण सीट नाहीत त्यांत ही झीज जास्त होते, आणि सीएनजीवर चालवल्यास आणखी वाढते. म्हणून कारागिरांत म्हणतात ते खरे आहे की थोडा वाजणारा टॅपेट परवडला, गप्प झालेला नाही.

हेड उतरवले. वॉल्वच्या कडेचा एक तुकडा जळून गेला होता. लेथवाल्याकडून सीट कापून घेतली, नवा वॉल्व पेस्ट लावून घासून बसवला, नवे गॅस्केट घातले आणि आठही टॅपेट पुस्तकातल्या मापाने लावले. १-३-४-२ क्रमाच्या इंजिनात यासाठी सोपा नियम आहे. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व हलत असतात, म्हणजे एक मिटतो आणि दुसरा उघडू लागतो, तेव्हा पहिल्याचे टॅपेट लावावेत आणि पहिल्याचे हलताना चौथ्याचे. दुसऱ्या-तिसऱ्याची जोडीही तशीच. मिसिंग गेली.

कॉम्प्रेशन ठीक निघाले तर?

तर मग निर्धास्तपणे ठिणगी आणि मिश्रणाकडे वळावे. अंधारात इंजिन चालवून वायरींवर आणि कॅपवर निळसर ठिणग्या उडतात का ते पाहावे. कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती तडा समजून कॅप बदलावी. पॉईंटचा गॅप पुस्तकाप्रमाणे ठेवावा, तो साधारण ०.४ ते ०.५ मिलीमीटर असतो. पॉईंट पुन्हा पुन्हा जळत असेल तर कंडेन्सर पाहावा. गॅप लावूनही टिकत नसेल तर रोटरची दांडी बोटांनी आडवी हलवून पाहावी. डेल्कोचा बुश झिजला असेल तर दांडी डुलते, प्रत्येक ठोक्याला गॅप बदलतो आणि मग पॉईंट कितीही नवा घाला, सगळे सिलिंडर अधूनमधून चुकतच राहतात.

हवा ओढली जात असेल तर स्लोवर मॅनिफोल्डच्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. क्षणभर आवाज सुधारला किंवा बदलला तर गॅस्केट तेथे गळते आहे. गरम इंजिनवर पेट्रोल शिंपडून ही परीक्षा कधीही करू नये.

आजच्या काळातील एक गोष्टही लक्षात ठेवावी. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि आता ते सर्वत्र पसरले आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत त्याने मिश्रण थोडे पातळ होते, जुने रबरी पाईप आणि पंपाचा पडदा कमजोर होऊ शकतो आणि टाकीतले पाणी पेट्रोलमध्ये मिसळते. महिनोन्‌महिने उभी राहणारी जुनी गाडी चुकू लागली तर फिल्टर, पाईप आणि फ्लोटच्या डबीतला गाळ पाहावा.

बिलात काय लिहावे?

आता शेवटचा आणि माझ्या मते मोठा मुद्दा. वैद्यकी माहीत नसताना जो उपचार करतो तो नुकसानीला जबाबदार ठरतो, अशा आशयाची हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. आपण इंजिनाचे वैद्य आहोत. न तपासता भाग बदलणे म्हणजे आपल्या अज्ञानाचे बिल गिऱ्हाइकाच्या नावावर फाडणे. तसेच प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतून ओल लागली आणि ती वर का ठेवली नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. बोनेटखालचे गिऱ्हाइकाला दिसत नाही. तेथील ओल वर आणून दाखवणे हे आपले काम आहे.

मास्तरांना मी जळालेला वॉल्व हातात दिला आणि टॅपेटची गोष्ट सांगितली. सांगताना जीभ जड झाली हे कबूल करतो. आधीच्या तीन खेपांची मजुरी परत केली, नको असताना घातलेली कॉईल काढून जुनी परत बसवली आणि तिचे पैसे दिले. हेडच्या कामाची मजुरी घेतली नाही. वॉल्व, गॅस्केट आणि लेथचे पैसे मात्र त्यांनी आग्रहाने दिले. त्या महिन्यात मला तोटा झाला. पण मास्तरांची गाडी आजही आमच्याकडेच येते आणि त्यांनी पाठवलेली गिऱ्हाइकेही येतात.

त्यानंतर गॅरेजमध्ये चार नियम केले. तपासणीची मजुरी वेगळी आणि आधी सांगून घ्यायची, कारण शोधणे हेही कष्टाचे काम आहे आणि त्याचा मोबदला हलाल आहे. कॉम्प्रेशनचे चारही आकडे बिलावर लिहायचे. काढलेला भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. आणि दोष समजला नाही तर ‘समजला नाही’ असे सांगून जाणत्या मिस्त्रीकडे पाठवायचे. यातील शेवटचा नियम पाळणे सर्वांत अवघड जाते.

कॉम्प्रेशन गेज आणि फिलर गेज ही दोन हत्यारे महाग नाहीत. ज्यांच्याकडे नसतील त्यांनी या महिन्यात घ्यावीत आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ती कपाटातून काढून हाताशी ठेवावीत. नव्या शागिर्दाच्या हातात पान्हा देण्याआधी ही दोन द्यावीत. रोजी देणारा अल्लाह आहे, आपल्या हाती आहे ते काम नीट तपासून करणे.